ज्या चाकाला पकड नाही, गाडी त्याचंच ऐकते

शनिवार: नारकंडा

कोल्हापूर ते नारकंडा हा सगळा हायवेचा प्रवास, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. खरी सहल इथून पुढे. किन्नौरमधून स्पितीत शिरायचं, काझाला थोडं थांबायचं आणि कुंझुम खिंड हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आत ती ओलांडून मनालीत उतरायचं, असा बेत आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला. गर्दी ओसरलेली असते, आभाळ स्वच्छ असतं आणि रस्त्यावर वाहणारं ओढ्यांचं पाणी रात्री गोठायला लागलेलं असतं. मामांना नेमकं तेच हवं होतं.

मामांचं कोल्हापुरात गॅरेज आहे. त्यांच्या फोर बाय फोर सफारी स्टॉर्मच्या मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी आहे. डिफरन्शियल म्हणजे एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. एका चाकाची पकड गेली की साध्या डिफरन्शियलवर दुसरं चाकही लंगडं पडतं; एलएसडी त्या दुसऱ्या चाकाला जास्त जोर पोचवतं. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी हौसिंग उघडून आतल्या झिजलेल्या क्लच प्लेट बदलल्या आणि एलएसडीला लागणारं वेगळं ऑइल भरलं. ते काम कसं झालंय हे घाटातल्या डांबरावर कळणार नव्हतं. दाजींची थार डिझेल आहे आणि तिच्या मागच्या एक्सलला आपोआप लॉक होणारं मेकॅनिकल डिफरन्शियल आहे. मावसभाऊ जिम्नी घेऊन आलाय. तिच्यात हेच काम ब्रेक करतात. एकाच अडचणीवरचे तीन वेगळे उपाय एका रांगेत चालले आहेत, आणि मला तिन्ही गाड्या आळीपाळीने चालवायला मिळणार आहेत.

रविवार: नारकंडा ते कल्पा

रामपूर, ज्यूरी, भावानगर. सतलज कधी उजवीकडे, कधी डावीकडे. तरांडा ढांकला कातळ कोरून काढलेला रस्ता आहे. देवीच्या देवळापाशी इथे प्रत्येक ड्रायव्हर थांबतो, आम्हीही थांबलो. दिवसभर डांबर चांगलं होतं, त्यामुळे तिन्ही गाड्यांच्या डिफरन्शियलना वळणांपलीकडे काही काम नव्हतं.

वळणातलं त्याचं काम मात्र मोलाचं आहे. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असतील तर एकाला घासत जावं लागेल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२७ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरची रचना शोधली. तीच कल्पना आजही जवळपास प्रत्येक गाडीत आहे.

टापरीला चहा पिताना मामांनी तिची दुसरी बाजू सांगितली. डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण जोर दोघांना सारखाच वाटतं. एक चाक बर्फावर आणि दुसरं कोरड्या खडीवर असेल, तर बर्फावरचं चाक घसरण्याआधी जेवढा जोर पेलेल तेवढाच खडीवरच्या चाकाला मिळतो. खडीखालची बाकी सगळी पकड वाया जाते.

"लोकास्नी वाटतं, गाडी चांगल्या चाकावर चालते," मामा म्हणाले. "न्हाई. गाडी वाईट चाकाचं ऐकते."

हे दुखणं शर्यतीच्या गाड्यांनाही होतं. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्राँप्री गाडीची ताकद इतकी होती, की वळणात हलकं झालेलं आतलं चाक जागेवर फिरत राहायचं. तेव्हा फर्डिनांड पोर्शेंनी झेडएफ कंपनीकडून १९३५ मध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवून घेतलं. सफारीच्या एलएसडीची कुळी तिथपर्यंत जाते.

सोमवार: कल्पा ते नाको

कल्पाला पहाटे किन्नर कैलासावर ऊन आलं ते पाहून निघालो. सफरचंदांची तोडणी चालू आहे. पेट्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या उतरत होत्या आणि रिकाम्या वर चढत होत्या. एका चढाच्या वळणावर रिकामी पिकअप मागचं आतलं चाक फिरवत थांबली होती. ड्रायव्हरने आणि क्लीनरने शांतपणे दगड गोळा करून मागच्या हौद्यात टाकले, आणि गाडी चढून गेली. चाकावरचं वजन वाढलं की पकडही त्याच प्रमाणात वाढते. यापेक्षा स्वस्त उपाय जगात नसेल.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून पुढे डोंगर उघडेबोडके होत जातात आणि का गावाची नागमोडी वळणं चढून रस्ता नाकोला येतो. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर गेली. रात्री डोकं जड होतं, भरपूर पाणी प्यायलो आणि लवकर झोपलो.

मंगळवार: नाको ते काझा

आज पहिली परीक्षा झाली. नाकोच्या पुढचा मलिंग नाला वर्षानुवर्षं ड्रायव्हर लोकांना छळतोय. डोंगरातून झिरपणारं पाणी मातीचा राडा करतं, रस्ता सरकतो, सीमा सडक संघटना तो पुन्हा बांधते. आज डोंगराकडची अर्धी वाट घोट्यापर्यंत चिखलाची आणि दरीकडची अर्धी दाबलेल्या कोरड्या खडीची होती. वर जरासा चढ. असमान पकडीचा धडा म्हणून कुणी मुद्दाम बनवला असता तरी इतका नीट जमला नसता.

जिम्नी आधी गेली. डोंगराकडची दोन्ही चाकं फिरायला लागली आणि गाडी थांबली. खालून खरखर आवाज आला. मावसभावाने घाबरून पाय उचलला, तसा आवाज बंद झाला आणि गाडी तिथेच राहिली. वॉकी-टॉकीवर मामा म्हणाले, "पाय उचलू नकोस. रेस हाय तितकीच धर, बाकी तिचं ती बघंल." पुढच्या वेळी त्याने पाय स्थिर ठेवला. क्षणभर खरखर झाली आणि गाडी रांगत वर गेली. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर फिरणारं चाक ओळखतात आणि फक्त त्या चाकाला ब्रेक लावतात. डिफरन्शियलला वाटतं, या चाकाला आता पकड आली. म्हणून ते दुसऱ्या चाकालाही तेवढाच जोर देतं. पण हे व्हायला आधी चाक घसरावं लागतं. ड्रायव्हरने नेमका त्याच क्षणी धीर सोडला तर यंत्रणेला काम करायला वेळच मिळत नाही.

थारचं वेगळं. मागचं एक चाक फिरलं, मग खालून ठक्क असा आवाज आला आणि दोन्ही मागची चाकं एक होऊन गाडी पुढे निघाली. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली यंत्रणा पूर्ण लॉक होते आणि वेग वाढला की आपली आपण सुटते. दाजी गाडीचं काही बोलत नाहीत सहसा, पण त्या आवाजानंतर त्यांचा चेहरा खुलला होता.

सफारीत मी होते. काहीच झालं नाही. आवाज नाही, थांबणं नाही. मामांना स्टिअरिंग किंचित जड वाटलं आणि आम्ही पलीकडे. क्लच प्लेटवाल्या एलएसडीची हीच गंमत आहे: जोर वाढला की आतल्या उतरत्या खाचा प्लेटना दाबतात, प्लेट दोन्ही एक्सल एकमेकांना बांधतात, आणि हे चाक सुटायची वाट न पाहता होतं. मामांनी आरशात मागे बघितलं, काही बोलले नाहीत, स्टिअरिंगवर मात्र एक थाप मारली.

ताबोचा मठ पाहायला दुपारी थांबलो. इसवी सन ९९६ मध्ये बांधलेला, आत मातीच्या मूर्ती आणि भिंतीभर चित्रं. तिथे तासभर तरी गाड्यांचा विषय निघाला नाही.

बुधवार: काझा

विश्रांतीचा दिवस. हिक्किमच्या पोस्टातून आजीला पत्र टाकलं, लांग्झाच्या बुद्धाला नमस्कार केला आणि दुपारी परत आलो, तर मामा गाडीखाली.

प्लेट बसवल्यावर त्यांची घट्ट पकड किती आहे हे तपासायची जुनी रीत आहे. गाडीला उटी, म्हणजे चाकांखाली अडकण, लावायच्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एक चाक जॅकवर उचललेलं आणि दुसरं जमिनीवर. मग उचललेलं चाक टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, फिरवायचं. साध्या डिफरन्शियलचं चाक बोटांनी सहज फिरतं. एलएसडीचं फिरायला ठरावीक जोर लागतो. तोच प्रीलोड, म्हणजे प्लेटमधला कायमचा दाब. मामांनी गॅरेजमध्ये घेतलेला आकडा वहीत लिहिला होता. हजारो किलोमीटरनंतर तो किती उतरला हे त्यांना पाहायचं होतं. थोडाच उतरला होता. नव्या प्लेट बसताना तेवढं होतंच, असं ते म्हणाले.

या उंचीवर रेंच ओढताना दम लागतो. मी दोनदा ओढला आणि बसून घेतलं.

गुरुवार: काझा ते लोसर

की गावचा गोम्पा, म्हणजे मठ, मग चिचमचा पूल. खाली पाहिलं की पोटात गोळा येतो इतकी खोल घळ आहे. पूल होण्याआधी लोक दोरीच्या पाळण्यातून पलीकडे जायचे. किब्बरच्या बाजूने लोसरला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं. संध्याकाळी बर्फ भुरभुरायला लागला. होमस्टेच्या आजींनी चुलीपाशी बसवून थुक्पा वाढला आणि सांगितलं, खिंड अजून उघडी आहे, पण सकाळी सावलीतल्या वळणांवर बर्फाची काच असेल.

इथली ड्रायव्हर मंडळी सांगतात की नाले भल्या सकाळी ओलांडावेत, कारण दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. ऑक्टोबरात मात्र सकाळी पाणी कमी आणि बर्फ जास्त. उन्हाची पहिली तिरीप रस्त्यावर आल्यावर निघायचं ठरलं. टायरमधली हवा २६ पीएसआयपर्यंत उतरवली.

शुक्रवार: लोसर ते सिस्सू

चेकपोस्टवर नोंद करून निघालो. खिंडीच्या अलीकडे एका चढाच्या वळणावर डोंगराच्या सावलीतला अर्धा रस्ता गोठलेला होता, दरीकडच्या अर्ध्यावर उघडी खडी. सफारी फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांची ताकद जोडून, सावकाश पण न थांबता चढली. तिचं नेमकं गणित नंतर बातलला राजमा-चावल खाताना मामांनी वहीत मांडलं. ते इथेच देते, कारण अख्ख्या सहलीचं सार त्यात आहे.

सामानासकट गाडी २४०० किलो धरू. सोपं जावं म्हणून प्रत्येक चाकावर ६०० किलो. दहात एक चढ, म्हणजे गाडी वर ढकलायलाच २४० किलोचा जोर हवा. चाकांचं लोळण्याचं घर्षण वेगळं. बर्फाची पकड वजनाच्या एक दशांश, म्हणजे चाकाला ६० किलो. खडीची सहा दशांश, म्हणजे ३६० किलो.

दोन्ही एक्सलना साधं डिफरन्शियल असेल तर चारही चाकांना ६० किलोच मिळणार. एकूण २४०. गाडी जागच्या जागी तोलत राहील, चढणार नाही. फोर बाय फोर असूनही!

मागे एलएसडी असेल आणि ते पकड असलेल्या चाकाला अडीचपट जोर देत असेल, तर मागून ६० अधिक १५०, पुढून १२०. एकूण ३३०. गाडी चढते.

मागचं डिफरन्शियल पूर्ण लॉक असेल तर मागून ६० अधिक ३६०, पुढून १२०. एकूण ५४०.

"म्हणजे लॉकच चांगलं की," दाजी म्हणाले. पण त्याचं उत्तर त्यांना स्वतःलाच तासाभरापूर्वी मिळालं होतं.

खिंडीच्या थोडं अलीकडे एक तुकडा संपूर्ण गोठलेला होता, दोन्ही बाजूंनी, आणि रस्त्याचा उतार दरीकडे. तिथे मामांनी सगळ्यांना थांबवलं आणि चालत जाऊन पाहिलं. अशा जागी एलएसडी आणि लॉक, दोन्ही आपल्यावरच उलटू शकतात. साध्या डिफरन्शियलवर एक चाक फिरत राहतं, पण दुसऱ्यावर जोर कमी असल्याने ते आडवं सरकत नाही. गाडीची मागची बाजू तेच धरून ठेवतं. दोन्ही चाकं बांधलेली असतील आणि दोन्ही एकदम सुटली, तर आडवी पकडही जाते आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला घरंगळतो. आणि उतार दरीकडे होता.

मामा थारच्या खिडकीशी गेले. "दाजी, ठक्क आवाज येऊ द्यायचा न्हाई. सेकंड गिअर, इंजिन आयडलला, रेसला पायच लावू नका. चाकांत फरक पडला न्हाई तर ते लॉक होणार न्हाई." दाजींनी तसंच केलं. आम्ही दोन जागी टायरखाली खडी टाकली आणि गाड्या एकेक करून गेल्या. यंत्रणा आपोआप काम करते म्हणतात, पण तिला कधी काम करू द्यायचं हे उजव्या पायाच्या हातात असतं हे मला त्या बर्फावर कळलं. सगळ्यात शांतपणे तिथून गेली ती मात्र समोरून येणारी हिमाचल परिवहनची बस. साधं डिफरन्शियल, मागच्या जोडचाकांवर प्रवाशांचं वजन, आणि तो रस्ता रोज पाहणारा ड्रायव्हर. आम्ही कडेला थांबून त्यांना हात केला.

कुंझुमला, साडेचार हजार मीटरवर, देवीच्या देवळाभोवती गाडीने प्रदक्षिणा घालायची रीत आहे. तिन्ही गाड्यांनी घातली. लांबवर चंद्रभागा शिखरं ताज्या बर्फात न्हालेली होती.

बातलपासून ग्राम्फूपर्यंतचा रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी नदीचं पात्रच. छोटा दड्याच्या अलीकडच्या एका नाल्यात सफारी मी चालवत होते. मागचं डावं चाक दोन गोट्यांमधल्या खळग्यावर लोंबकळलं आणि कर्णातलं पुढचं उजवं चाकही हलकं झालं. रेस दिली, ती दोन्ही चाकं फिरली, गाडी हलली नाही. एलएसडी असूनही!

कारण एलएसडी गुणाकार करतं. कमजोर चाक जेवढा जोर पेलतं त्याच्या अडीचपट ते दुसऱ्याला देतं. हवेतलं चाक शून्य पेलतं आणि शून्याची अडीचपट शून्यच. उरतो तो फक्त प्रीलोड, आणि तो एवढ्या चढाला पुरत नाही.

"पोरी, फोर लो, फर्स्ट," मामा बाहेरून म्हणाले. "हँडब्रेक दोन-तीन खटके वर घे, आन् हळू रेस दे. सोडू नको."

फोर लो म्हणजे चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना थोडं धरतो. हवेतल्या चाकाला धरायला काहीतरी मिळालं की शून्याच्या जागी आकडा येतो, त्याची अडीचपट जमिनीवरच्या चाकाला जाते. त्या चाकालाही ब्रेकशी झगडावं लागतं, पण हिशेबात आपला फायदाच होतो. गाडी कुरकुरली, मागून हळूच उचलली गेली आणि गोट्यांवरून पुढे आली. अमेरिकी लष्कराच्या हमवी गाड्यांत टॉर्सन नावाचं गिअरचं एलएसडी असतं. व्हर्नन ग्लीझमन यांचं हे डिझाइन १९५८ सालचं, आणि त्या गाड्यांच्या ड्रायव्हरनाही रेसबरोबर ब्रेक दाबायला शिकवतात. तत्त्व तेच. मी ते वाचलं होतं, पण हातातल्या लिव्हरमधून ते काम करताना जाणवलं तेव्हाच खरं समजलं.

थार त्याच जागी ठक्क करून विनासायास निघाली. हवेतल्या चाकाचं लॉकला काही वाटत नाही. हे त्याचं खरं घर. जिम्नीला खालून वारंवार खरखर करावी लागली, पण तिचे ब्रेक पुढच्या एक्सललाही मदत करतात आणि अंगाने ती हलकी, त्यामुळे तीही आली. पलीकडे आल्यावर मामांनी तिच्या चाकांजवळ हात नेऊन गरम हवा जोखली आणि दहा मिनिटं थांबायला लावलं. ब्रेकने जोर फिरवायचा म्हणजे उरलेला जोर उष्णतेत जातो, आणि लागोपाठ नाले असले की ती साठत जाते.

छत्रूला चहा. ग्राम्फूनंतर डांबर लागलं तेव्हा अंधार पडला होता. सिस्सूला खोली मिळाली.

शनिवार: मनाली

अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे आणि कोरडा, गुळगुळीत. मनालीच्या पार्किंगमध्ये मामांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून सफारी आठाच्या आकारात हळूहळू फिरवली आणि कान देऊन ऐकत राहिले. एलएसडीच्या ऑइलमधलं घर्षण जुळवणारं द्रव्य संपत आलं की अशा वळणात मागून गुरगुर आणि धक्के जाणवतात. काही जाणवलं नाही. मग ड्रेन बोल्ट काढून त्याच्या चुंबकावरची बारीक काळी पूड त्यांनी बोटावर घेऊन चोळली. चकचकीत कण नव्हते. ऑइल थोडंच सांडलं होतं, ते भरलं आणि वहीत किलोमीटर लिहिले.

मावसभावाने विचारलं, त्याच्या घरच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकला गिअरचं एलएसडी बसवलं तर आंबोली घाटात पावसाळ्यात फरक पडेल का. पडेल, मामा म्हणाले, वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरणं थांबेल. पण स्टिअरिंग हाताला ओढेल, आणि त्याची सवय करून घ्यावी लागेल. मग ते वाकून त्या जिम्नीच्या टायरची नक्षी बघायला लागले. पुढच्या दोन टायरच्या कडा गोट्यांवर बऱ्याच झिजल्या होत्या. परत जाताना चंदीगडला ते बदलायचं ठरलं.